हँडलची काच की पॉवर विंडो? मधल्या मॉडेलचे जास्तीचे पैसे द्यावे काय?

पऱ्हाटीवाला, दारव्हा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरची पहिली चारचाकी घेऊन राहिलो. नवी, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. आमचं गाव दारव्ह्यापासून आत आहे. शेवटचा तुकडा पांदण रस्त्याचा, उन्हाळ्यात घोटाभर फुफाटा अन् पावसाळ्यात नाल्याचं पाणी. गाडी मीच चालवीन. सोबत माय-बाबा, बायको अन् दोन पोट्टे, लहाना तीन वर्षांचा. यवतमाळले दवाखाना, कधी नागपूर, लग्नसराईत सोयऱ्यांकडं, एवढाच वापर.

बेस मॉडेलले चारही काचा हँडलच्या. मधल्याले पुढच्या दोन पॉवर, म्हणजे बटणावर चालणाऱ्या, मागच्या हँडलच्याच, वरून सेंटर लॉक अन् म्युझिक सिस्टम. टॉपले टचस्क्रीन, कॅमेरा, अलॉय चाकं, मागचा वायपर. बाबा म्हणतात, 'जेवढं करंटवर चालते तेवढं बिघडते, हँडलचीच घे.' शोरूमवाला म्हणते, बेस आता कोणी घेतच नाही. बायको म्हणते, बेस घेऊ अन् पॉवर विंडो बाहेरून बसवून घेऊ, पैसे वाचतील. कापसाचे पैसे हातात आले की बुक करायची आहे. पैसे नेमके कायच्यात घालावे, ते गाडी वापरणाऱ्यांनी सांगा.

शिक्षिका, आर्वी

भाऊ, मी रोज एकटी गाडी चालवत शाळेत जाते. आधीची गाडी हँडलची होती, आताची पुढे पॉवर विंडोवाली आहे. एकट्यानं चालवणाऱ्याला डावीकडची काच हा मोठा प्रश्न असतो. समोर मुरमाचा ट्रक आला की धुळीचा लोट थेट आत. आपल्या बाजूची काच आपण चढवतो, पण डावीकडचं हँडल फिरवायचं तर गाडी थांबवा नाहीतर स्टिअरिंग सोडून वाका. वाकणं धोक्याचं आहे, मी ते कधीच करू देणार नाही कुणाला. मे महिन्यात शाळेच्या मैदानात उभी असलेली गाडी दुपारी उघडली की आतली हवा तोंडावर येते. तेव्हा आधी दोन्ही काचा खाली करून शंभर-दोनशे मीटर चालवायचं, गरम हवा निघाली की मग एसी. हेसुद्धा बटणानं जमतं.

दुसरं, कोटेशन ताजं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आधीच्या आकड्यांवर घरात चर्चा चालू असेल तर ती नव्यानं करा. कदाचित मधलं मॉडेल वाटतं तेवढं महाग पडणार नाही.

जीपवाला, घाटंजी

मी हँडलच्याच बाजूनं. सवारीची जीप चालवतो. लोकं दरवाजे आपटतात, पोट्टे हँडलले लटकतात, तरी काचा चालू आहेत. वणवण नाही, करंट नाही. मागच्या पावसाळ्यात सोयऱ्याच्या गाडीची काच अर्ध्यात अडकली, तो रातभर पॉलिथिन बांधून बसला. बाबाचं ऐका.

ऑटो इलेक्ट्रिशियन, पांढरकवडा

माहं दुकान नागपूर-हैदराबाद रोडले लागून हाये. दिवसभर दरवाजेच उघडतो, म्हणून थोडं लांबण लावतो, वाचून घ्या.

बाबाचं म्हणणं अर्धं बरोबर हाये. हँडलची काच बिघडत नाही असं नाही, पण तिचं बिघडणं स्वस्तातलं असते. हँडलच्या आतले प्लास्टिकचे दाते झिजतात, मंग हँडल नुसतं गरगर फिरते अन् काच जागची हालत नाही. नवं हँडल आणा अन् घरीच बसवा. हँडलच्या मांगं एक क्लिप असते. ती काढाले पेचकस घालू नका, दरवाजाचा पॅड फाटते. सुती कापडाची लांब चिंधी हँडल अन् पॅडच्या मधात घाला, दोन्ही टोकं धरून इकडून तिकडं ओढा. चिंधी क्लिपीले अडकते अन् क्लिप टणकन उडते. खाली चादर टाका, नाही तं क्लिप सापडत नाही.

पॉवर विंडोमध्ये मोटर, तार, प्लास्टिकची पुल्ली, स्विच, फ्यूज इतकं वाढते. पण माह्याकडं येणाऱ्या दरवाज्यांत निव्वळ मोटर जळालेली कमी असते. बिघाड सुरू होते रबरातून. काच ज्या खाचेतून वरखाली होते, तिच्यात मखमली अस्तराचं रबर असते. पांदणीचा फुफाटा त्या अस्तरात जाऊन बसते. काच जड होते, मोटर जोर लावते, आवाज बदलते, अन् एक दिवस पुल्ली तुटून काच दरवाजात धाडकन पडते. हँडलवाल्याच्या हाताले जड लागते, म्हणून त्याले आधीच समजते. बटणवाल्याले समजत नाही, कारण जोर मोटर लावून राहिली असते. घाटंजीच्या भाऊच्या सोयऱ्याची काचबी बहुतेक अशीच गेली असंल.

याले उपाय सोपा हाये. उन्हाळ्याच्या आधी एकदा अन् पाऊस सरल्यावर एकदा खाच ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मंग सिलिकॉन स्प्रे मारा. खोबऱ्याचं तेल, ग्रीस, जुनं इंजिन ऑइल यातलं कायबी लावू नका. तेलावर धूळ बसते अन् खाचेत चिखल तयार होते. ज्यायनं तेल घातलं त्यायच्याच काचा माह्याकडं जास्त येतात. आवाज बदलला की त्याच आठवड्यात दाखवा, रबर बदलून काम भागते.

मोटर मधातच थांबली तं लगेच जळाली समजू नका. घडीघडी खालीवर केली की ती तापते अन् आतली सुरक्षा तिले बंद करते, थंडी झाली की चालते. काच खाली अडकली अन् पाऊस आला तं चावी चालू ठेवून एकानं बटण वरच्या बाजूनं धरून ठेवा, दुसऱ्यानं काच दोन्ही तळहातांच्या मधात दाबून वर सरकवा. तार तुटली नसंल तं बहुतेक वेळा चढते.

आता बाहेरून बसवायचं. वहिनीचा बेत मले पटत नाही. बेस मॉडेलच्या दरवाजात बरेच वेळा तेवढी वायरिंगच नसते. बसवणारा बॅटरीकडून नवी वायर ओढते, अन् दरवाजा अन् बॉडीच्या मधातल्या रबरी नळीत जागा नसली तं पत्र्याले भोक पाडते. दरवाजा जितक्यांदा उघडते तितक्यांदा ती वायर वाकते, भोकाच्या काठावर घासते. फ्यूज धड नसला तं तिथंच जळते. वायरिंग कापली म्हणून वॉरंटीचा वाद होते तो वेगळाच. मी स्वतः हे काम जुन्या गाडीत करतो. वॉरंटीतल्या नव्या गाडीले हात लावत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालते.

मंग पैसे कायच्यात घालायचे? जे मागून बसत नाही त्यात. टेप, स्पीकर, कॅमेरा, सीट कव्हर कधीबी बसते. एअरबॅग मागून बसत नाही. काही गोष्टी बेसलेबी कायद्यानं द्याव्याच लागतात: एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर अन् ८० च्या वर गेल्यावरचा इशारा जुलै २०१९ पासून, बाजूच्या सीटची एअरबॅग २०२२ पासून. शोरूमवाला हे जास्तीचं म्हणून मोजून दाखवत असंल तं ते जास्तीचं नाही, हे त्याले सांगा. सहा एअरबॅग सक्तीच्या नाहीत, तरी काही कंपन्या बेसपासून देतात. तुमच्या घरात म्हातारे अन् लेकरं हायेत, म्हणून काचेच्या आधी हा प्रश्न विचारा.

अन् मागचा वायपर. हॅचबॅकची पाठ उभी असते, चाकांनी उडवलेली धूळ वळून मागच्या काचेवर बसते. पांदणीतून डांबरी रोडले लागेपर्यंत मागचं काय दिसत नाही, अन् हायवेवर चढताना तेच पाहाचं असते. माह्या मते आपल्या भागात मागचा वायपर टचस्क्रीनपेक्षा मोलाचा हाये. पण त्याच्यासाठी अलॉयचे पैसे भरू नका. दुसऱ्या कंपनीच्या मधल्या मॉडेलले तो मिळते काय, पाहून या.

पऱ्हाटीवाला, दारव्हा

दादा, खूप खूप आभार. बाबाले पूर्ण वाचून दाखवलं. आता दोन शंका राहिल्या. लहाना पोट्टा बटण पाहिलं की दाबतेच, त्याची मान-बोट अडकलं तं? अन् नाल्याच्या पाण्यात गाडी गेली तं पॉवरची काच उघडंल काय?

ऑटो इलेक्ट्रिशियन, पांढरकवडा

दोन्ही शंका रास्त हायेत.

लेकरू मागं बसवा, पुढं मांडीवर नाही. मधल्या मॉडेलले मागं हँडलच असते, ते तुमच्या घरासाठी बरंच हाये. हँडल फिरवून लेकरू स्वतःची मान दाबत नाही. पॉवरची काच अडथळा लागल्यावर आपोआप खाली येते असं कोणी सांगितलं तं कोणत्या काचेले ते विचारा. छोट्या गाड्यांत ती सोय असली तरी बहुतेक फक्त ड्रायव्हरच्या काचेले असते. बटण कसं हाये तेबी पाहा. वर ओढल्यावर काच चढणारं बटण चांगलं. नुसतं दाबून चढणाऱ्या बटणावर लेकराचा गुडघा पडला तरी काच वर जाते. चावी गाडीत ठेवून लेकराले एकटं सोडू नका, पेट्रोल भरतानाबी नाही. मागच्या दरवाज्याच्या कडेले चाइल्ड लॉक असते, ते डिलिव्हरीच्या दिवशीच लावून घ्या.

पाण्याचं ऐका. पुलावरून पाणी वाहत असलं तं गाडी घालाचीच नाही, मांगून कितीबी हॉर्न वाजले तरी. तरी गाडी पाण्यात गेलीच, तं पहिल्या क्षणी काच खाली करा, पट्टा सोडा, लेकरं आधी काढा, मंग आपण. फोन नंतर. दरवाज्याशी झटापट करू नका, पाण्याच्या दाबानं तो उघडत नाही. सुरुवातीले पॉवरची काचबी चालते, करंट लगेच जात नाही. पण पाणी काचेले लागून वर चढाले लागलं की दाबानं हँडलवालीबी फिरत नाही. मंग काच फोडाच लागते. छोट्या गाडीची बाजूची काच टफन असते, तिच्या कोपऱ्यात टोकदार हातोडी मारली की चुरा होते. समोरची काच दोन थरांची, ती तशी फुटत नाही. काच फोडाची हातोडी अन् पट्टा कापाची पाती एकत्र मिळते. ती ड्रायव्हरच्या हाताशी बांधून ठेवा, डिक्कीत नाही.

शिक्षिका, आर्वी

हातोडी मी आजच मागवते आहे. आमच्या रस्त्यावर दोन नाले आहेत. भाऊ, टेस्ट ड्राइव्हला बायकोलाही चालवायला द्या. उद्या आजारपणात गाडी त्यांनाच काढावी लागली तर सीट, आरसे आणि बटणं त्यांच्या हाताला येतात का, ते आधीच कळलेलं बरं.

पऱ्हाटीवाला, दारव्हा

हो ताई, तिला घेऊनच जातो. तिचं लायसन्स आहे. बाहेरून फिटिंग रद्द. दोन कंपन्यांच्या मधल्या मॉडेलचं नवं कोटेशन घेतो. सहा एअरबॅग अन् मागचा वायपर दोन्ही ठिकाणी विचारतो. आकडे आले की इथंच टाकतो, पाहून सांगा जी.