मदत हवी आहे : ३ मायक्रॉनची इलेक्ट्रॉन शलाका दुहेरी फटीने विश्वासार्हपणे कशी मोजावी?

नमस्कार. स्टोरेज रिंगमधील (इलेक्ट्रॉन ज्यात फिरत ठेवतात ते कडे) इलेक्ट्रॉन शलाकेची उभी जाडी मोजण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. बेंडिंग मॅग्नेटमध्ये (शलाका वळवणारा चुंबक) निघणाऱ्या दृश्य प्रकाशात सरळ प्रतिमा घेतली, तर विवर्तनामुळे इतकी बारीक शलाका धूसर डागात हरवते, आणि क्ष-किरणांच्या पिनहोल कॅमेऱ्याची स्वतःची धूसरताही साधारण ५ ते १० मायक्रॉन असते. म्हणून जपानमधील केईके या त्वरक संशोधन संस्थेच्या मित्सुहाशी यांनी विकसित केलेली पद्धत वापरतो आहे, जिच्यात दोन फटींतून आलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरण पट्ट्यांच्या कॉन्ट्रास्टवरून (तेजस्वी व काळ्या पट्ट्यांतील फरक, ० ते १) स्रोताचा आकार काढतात; स्रोत जितका मोठा, तितका कॉन्ट्रास्ट कमी.

तरंगलांबी ४०० नॅनोमीटर, स्रोत ते फटी १० मीटर आणि दोन फटींमध्ये ४० मिलिमीटर अंतर आहे. या मांडणीत ५ मायक्रॉनसाठी कॉन्ट्रास्ट ०.९५ आणि ३ मायक्रॉनसाठी ०.९८ यायला हवा, म्हणजे ०.०१ ची खोटी घट शिरली, तरी ३ चे जवळजवळ ३.८ होतात. गणितानुसार शलाका ३ मायक्रॉनची असावी, पण कॉन्ट्रास्ट ०.९३ येतो, म्हणजे ६ मायक्रॉन. फटी २० मिलिमीटरवर आणल्यास ०.९६ येतो. दोन्ही फटींतील तीव्रता समान आहे. शलाका खरोखर जाड आहे की उपकरणच कॉन्ट्रास्ट कमी करते आहे, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद : आपल्या दोन आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. कॉन्ट्रास्टच्या नैसर्गिक लॉगॅरिदमचे ऋण मूल्य फटींमधील अंतराच्या वर्गासमोर मांडा. घट केवळ शलाकेमुळे असती, तर रेषा शून्यातून गेली असती आणि २० मिलिमीटरवर ०.९८ मिळाले असते. आपली रेषा मात्र उभ्या अक्षाला ०.०३ वर छेदते. तेवढी घट अंतरावर अवलंबून नाही, त्यामुळे आधी भटका प्रकाश आणि कॅमेऱ्याचा अरेषीय (प्रकाशाच्या प्रमाणात नसलेला) प्रतिसाद तपासावा. उतारावरून ४.६ मायक्रॉन निघतात, पण मधली अंतरे घेतल्याशिवाय या आकड्यावर विसंबू नये.

शिवाय ही कमाल मर्यादाच आहे, कारण आरशाच्या लहान कंपनाने होणारी घटही अंतराच्या वर्गानेच वाढते आणि आलेखात ती शलाकेपासून वेगळी काढता येत नाही. एक्स्पोजर कमी करत गेल्यावर कॉन्ट्रास्ट वाढतो का, ते पाहावे; वाढला, तर कंपनाचा वाटा आहे.

पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी) लावला आहे का? उभ्या ध्रुवीकरणाचा प्रकाश कक्षेच्या प्रतलाच्या वर आणि खाली विरुद्ध कलेत (लाटेच्या उलट टप्प्यात) असतो, त्यामुळे त्याचे तेजस्वी पट्टे आडव्या ध्रुवीकरणाच्या काळ्या पट्ट्यांवर पडतात. स्वित्झर्लंडमधील स्विस लाइट सोर्स या स्टोरेज रिंगमध्ये याच उभ्या ध्रुवीकरणाच्या प्रतिमेतील मधली काळी दरी किती भरते, यावरून सुमारे ३.६ मायक्रॉनची शलाका मोजली गेली आहे. ३ मायक्रॉनच्या आसपास पडताळणीसाठी मी तीच पद्धत सुचवेन.