थोरल्या भावाऐवजी तटस्थ माणूस मागा

भावा-बहिणींत वडिलोपार्जित जमिनीचा वाद कोर्टात असेल, तर निकाल लागेपर्यंत जमीन थोरल्या भावालाच बघू द्या, असं दोघा-तिघांनी सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. त्याला हिशेब कोण मागणार? लातूर-बीडकडं सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात गेलं की आडत्याची पट्टी, म्हणजे दलालाची विक्रीची पावती, एकाच्याच नावानं निघते. सासरी असलेल्या बहिणीला काय दर लागला हेही कळत नाही, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क भावाइतकाच आहे!

मृत्युपत्रावरच वाद असेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 247 बघा. दावा चालू असेपर्यंत कोर्ट प्रशासक नेमू शकतं. तो मालमत्ता सांभाळतो, येणं वसूल करतो, पण वाटप करायचा अधिकार त्याला नसतो. नुसता वाटणीचा दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 40 खाली रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता सांभाळायला कोर्टानं नेमलेला माणूस, मागा. त्याला कोर्टात हिशेब द्यावाच लागतो. सरकारला शेतसारा भरणारी जमीन असेल तर कलेक्टरच्या संमतीनं त्यांनाही नेमता येतं. मोबदला मात्र साधारणपणे मालमत्तेतूनच जातो, म्हणून दोन-तीन एकरांसाठी आधी वकिलाला खर्च विचारा.

कोर्ट सहजासहजी रिसीव्हर देत नाही. नासाडी किंवा परस्पर विक्रीचा धोका दाखवावा लागतो. तेव्हा आडतीच्या पट्ट्या, उसाची बिलं, सातबारा आत्ताच गोळा करायला लागा.