मदत हवी आहे : पॉलिमरनं चांगल्या पेशी पण मरायलेत

नमस्कार दादा ताई, मी निपाणीचा, बेळगावात एमएस्सी केमिस्ट्री करायलोय. आमची आत्ती तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तोंडाच्या कॅन्सरनं गेली, म्हणून प्रोजेक्टला कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या पॉलिमरचाच विषय हट्टानं घेतलाय.

स्टायरीन-मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडचा कोपॉलिमर, म्हणजे दोन मोनोमर जोडलेली लांब साखळी, केला (जपानात १९९३ ला मंजूर झालेल्या स्मँक्स या लिव्हर कॅन्सरच्या औषधात याचंच रूप वापरलंय), टोल्युइनमध्ये एआयबीएन (साखळी जोडायला सुरुवात करून देणारं रसायन) घालून ७० डिग्रीला ठेवला की पांढरी पावडर खाली बसते, ती कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइड) पाण्यात विरघळवून तीन दिवस डायलिसिस केलं (बारीक छिद्रांच्या ट्यूबमधनं लहान रेणू बाहेरच्या पाण्यात काढले) आणि एमटीटीला (किती पेशी जिवंत आहेत ते बघायची टेस्ट) दिलं. कॅन्सरच्या पेशी मेल्या, पण नॉर्मल पेशीपण तेवढ्याच मेल्या, आनंद करायचा की रडायचं कळंना. पॉलिमर घातल्यावर मीडियम (पेशी ज्यात वाढवतात ते द्रावण) एकदम गडद गुलाबी झालेलं, म्हणजे पीएच वाढलावता काय?

न जोडता उरलेला मोनोमर मारतोय, का कॉस्टिक, का खरंच पॉलिमर, हे वेगळं कसं काढायचं? नुसतं बफर आणि डायलिसिसचं बाहेरचं पाणी आटवून कंट्रोल म्हणून लावू काय? डायलिसिसला ३५०० कटऑफची (साधारण तेवढ्या रेणुभाराच्या खालचे रेणू बाहेर सोडणारी) ट्यूब चालते का? आणि बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात कमी पैशात जीपीसी (पॉलिमरचा रेणुभार मोजायची टेस्ट) कुठं करून मिळतंय? कुणी हे हातानं केलं असलं तर सांगा, पुढच्या सोमवारी परत पेशी लावायच्यात.