माझ्या कृतिपत्रिकांवर दुसऱ्याचाच लोगो, वर पन्नास रुपये! हक्क नक्की कोणाचा?

चौथीच्या_बाई:
नमस्कार मंडळी, मी झेडपी शाळेत आहे. लॉकडाऊनपासून मराठी-गणिताच्या कृतिपत्रिका बनवते, पीडीएफ करून केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या) ग्रुपवर टाकते, तिथून त्या कुठे कुठे जातात देव जाणे. परवा एका टेलिग्राम चॅनेलवर माझाच संच दिसला, माझं नाव उडवलेलं, त्यांचा लोगो आणि किंमत ५० रुपये! कुणी फुकट वापरलं तर आनंदच आहे हो, पण विकायचं म्हणजे काय? ग्रुपवरचे एक सर म्हणाले सरकारी पगार घेता ना, मग तुमचा हक्कच नाही. खरंय का हे?

कायदेवाला_पुणे:
सरांचं अर्धं बरोबर. कॉपीराईट कायदा १९५७, कलम १७. नोकरीचं काम म्हणून जे बनवलं त्याचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. पण रात्री घरी बसून, कुणी न सांगता केलेलं 'नोकरीचं काम' धरायचं का, यावर वाद घालता येतो. तरी कलम ५७ आहेच, हक्क दुसऱ्याकडे गेला तरी लेखक म्हणून तुमचं नाव कुणी पुसू शकत नाही. मालक तुम्ही असा नाहीतर सरकार, तो चॅनेलवाला कुठून आला मधेच? नोंदणी लागत नाही. मूळ वर्ड फाईल तारखेसकट जपा आणि टेलिग्रामला कॉपीराईटची तक्रार टाका.

तंत्रस्नेही_गुरुजी:
मॅडम, पुढच्या फाईलवर परवानाच लिहून टाका ना. दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलवर (२०१७ पासून आहे) साहित्याखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे कुणी काय अटीवर वापरायचं ते आधीच सांगणारा तयार परवाना दिसतो बघा, तसाच. तुम्हाला हवाय तो 'बाय-एनसी-एसए', म्हणजे नाव द्या, विकू नका आणि बदल करून पुढे वाटलं तर ह्याच अटीवर वाटा. 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज) असलेला मात्र घेऊ नका, त्यात बदललेलं वाटताच येत नाही आणि गडचिरोलीच्या शिक्षकाला तुमच्या उदाहरणातली लोकल ट्रेन काढून बैलगाडी घालायची असेल तर तो अडकतो. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, तेवढा विचार आधी करा. आणि हे प्रत्येक पानाच्या तळाला, शेवटच्या पानावर नको, ते पान हे लोक आधी उडवतात.

खडूस_वाचक:
सगळं ठीक, पण आत काय आहे ते कुणी विचारलंच नाही. कुसुमाग्रजांची कविता पूर्ण छापली असेल तर? १९९९ ला गेले, लेखकानंतर ६० वर्षं म्हणजे २०५९ संपेपर्यंत हक्क वारसांचा. बालकवी, बहिणाबाई बिनधास्त घ्या, त्यांची मुदत कधीच संपली. वर्गात शिकवायला कलम ५२ ची सूट आहे, दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी केसमध्ये हायकोर्टानं २०१६ ला निकाल शिक्षणाच्या बाजूनंच लावला, पण वर्गासाठी काढलेल्या कॉप्या वेगळ्या आणि हजारो अनोळखी लोकांच्या चॅनेलवर टाकलेली फाईल वेगळी. बालभारतीची पीडीएफ फुकट उतरवता येते म्हणून त्यातली चित्रं आपली होत नाहीत. जे तुमचं नाही त्यावर तुम्ही परवाना देणार कसा?

चौथीच्या_बाई:
कविता बहिणाबाईंचीच आहे 😄 आणि चित्रं सगळी माझ्या वर्गातल्या पोरांनी काढलीत, स्कॅन करून घातलीत.

कायदेवाला_पुणे:
मग तर आणखी एक काम वाढलं. चित्राचा हक्क ते काढणाऱ्या मुलाचा, शाळेचाही नाही न् तुमचाही नाही. मुलं अल्पवयीन म्हणून पालकांची सही घ्या, साधी मराठीत चिठ्ठी, चित्र कुठे आणि कोणत्या परवान्यात जाणार ते स्पष्ट लिहून.

चौथीच्या_बाई:
शनिवारी पालकसभा आहे, तेव्हाच घेते. चित्राखाली मुलाचं नाव पूर्ण टाकू का?

तंत्रस्नेही_गुरुजी:
फक्त पहिलं नाव आणि इयत्ता. गाव नको, फोटो तर अजिबात नको.