मास्तरकी का धरावी? खान्देशकरांनो, लिहा

नोकरीत असलेल्यांनी लिहा, तयारीतल्यांनीही. ‘मुलांची आवड’ एवढ्यावर सुटका नाही, हिशेबासकट सांगा. आलेली काही उत्तरं, गावांच्या नावाने :

साक्री : कोरडवाहू घरात एक तरी पगारी माणूस हवा, हे इकडचं जुनं गणित. आता वाट लांबलीये. बारावीनंतर डी.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा, १५० गुण, खुल्या गटाला ९० लागतात), मग २०० गुणांची टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी). दोन्हींत गल्लत नको : टीईटी फक्त पात्रतेची, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर निवड लागते ती टेटच्या गुणांवर. टेट दरवर्षी होत नाही. २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली. निवड झाली तरी तीन वर्षं मानधनावरचा शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६,०००. ‘स्थिर नोकरी’ त्यानंतरची.

जळगाव : सुट्ट्या बघून येऊ नका. मतदारयाद्या, यू-डायस (शाळेची माहिती सरकारी पोर्टलवर भरणं), पोषण आहाराची नोंदवही. पाचवीपर्यंत दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी १५०. हजेरी आणि तांदूळ जुळला नाही की संध्याकाळ गेलीच.

अमळनेर : साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे, त्या नावाची ओढ आहेच. पण माणूस टिकतो तो पहिलीच्या वर्गातल्या गमतीमुळे. श्रुतलेखनात ‘शाळा’ सांगा, पोरगं ‘शाया’ लिहितं. कान चांगलाच असतो, पण घरच्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोया, काया, केय. लाल शेरा मारला तर ते बोलणंच बंद करतं. त्यापेक्षा फळ्यावर जोड्या मांडा, डोया–डोळा, काया–काळा. जीभ मागे वळवून टाळूला लावून दाखवा, एकेकाला म्हणू द्या. घरचा शब्द पुसायचा नाही, शेजारी दुसरा ठेवायचा. हे कोडं सोडवायला ज्याला मजा येते, त्याने खुशाल यावं.

धडगाव : डोंगरात घरची बोली पावरी, भिलोरी. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता. एकीला ‘पाढे लिहा’ सांगून दुसरीकडे वळलात की पाच मिनिटांत गोंधळ. पाढेवाल्यांचं काम संपलेलं असतं. काड्या द्या : दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, सुट्या वेगळ्या, शेजाऱ्याचे मोजून तपासायचे. पंधरा मिनिटं निघतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला घरंच्या घरं उठतात, म्हणून वाचनाचं कठीण काम जून ते ऑक्टोबरातच उरकायचं.