नागपुरात पॉवर अँप्लिफायर घरी बांधायचा आहे: सुटे भाग बर्डीत घ्यावेत की बाहेरून मागवावेत?

अजनीकर

नमस्कार. वडिलांनी वापरलेली ८ ओहमची लाकडी स्पीकरची जोडी माझ्याकडे सुस्थितीत आहे. तिच्यासाठी दोन चॅनेलचा, प्रत्येकी सुमारे ४० वॅटचा अँप्लिफायर स्वतः बांधायचे मी ठरवले आहे. सोल्डरिंगचा मला सराव आहे, परंतु मुख्य विजेवर चालणारे आणि एवढी उष्णता निर्माण करणारे उपकरण मी यापूर्वी बांधलेले नाही. सीताबर्डीत चौकशी केली असता मला ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या बसवलेला तयार बोर्ड दाखवण्यात आला, पण त्या ट्रान्झिस्टरवरची अक्षरे अंगठ्याने घासताच पुसट झाली. एलएम३८८६ ही आयसी (अँप्लिफायरचे जवळजवळ सगळे सर्किट एकाच तुकड्यात असलेली चिप) बाजारात जितक्याला मिळते, त्याच्या कित्येक पट किंमत अधिकृत वितरकाच्या संकेतस्थळावर दिसते. हा फरक खरोखरीच मालाचा आहे का? कोणते भाग इथे घ्यावेत आणि कोणते मागवावेत? शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात हा अँप्लिफायर टिकावा, यासाठी हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा पंखांचा धातूचा ठोकळा) किती मोठी लागेल?

तांबडी तार

फरक मालाचाच आहे. जो भाग हातात घेऊन, मोजून, खरवडून तपासता येतो तो नागपुरात घ्यावा आणि ज्याचा खरेखोटेपणा प्लास्टिकच्या आतल्या सिलिकॉनवर ठरतो तो फक्त अधिकृत वितरकाकडूनच मागवावा, असे माझे ठाम मत आहे. तोशिबाचे मूळ ५२०० आणि १९४३ हे ट्रान्झिस्टर २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि १५० वॅट क्षमतेचे आहेत, आणि मागणी प्रचंड असल्यामुळे त्यांची नक्कलही तेवढीच होते. नकली नगात सिलिकॉनचा तुकडा अगदी लहान असतो. मल्टीमीटरवर तो निर्दोष दिसतो, हळू आवाजात व्यवस्थित वाजतोही, आणि खरा भार पडला की आतून शॉर्ट होतो. तसे झाले की पुरवठ्याचा डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलवर जातो. वडिलांच्या स्पीकरसाठी हा धोका पत्करू नका.

तुमच्या गरजेला प्रत्येक चॅनेलसाठी एक एलएम३८८६ पुरेशी आहे. ±२८ व्होल्टवर (म्हणजे ग्राउंडच्या वर २८ आणि खाली २८ अशा दुहेरी पुरवठ्यावर) ती ८ ओहममध्ये ३८ वॅट देते आणि अतिभार व तापमान यांपासूनचे संरक्षण तिच्या आतच असते. दोन आयसींसाठी वितरकाला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

ट्रान्सफॉर्मर मात्र इथेच गुंडाळून घ्या, कारण तो जड असल्यामुळे मागवायला महाग पडतो आणि इथे तो डोळ्यांसमोर बनतो. गुंडाळणारे सहसा व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) न बोलता अँपिअर बोलतात, म्हणून ‘२४-०-२४, ५ अँपिअर’ (मधे शून्याची तार, तिच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट) अशी मागणी करा. ४८ गुणिले ५ म्हणजे तो २४० व्हीएचा झाला. तार तांब्याची हवी हे आगाऊ पैसे देण्यापूर्वी स्पष्ट ठरवा. ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, त्यामुळे त्याच जाडीची तार जास्त तापते आणि मोठ्या आवाजाला व्होल्टेज बसते. बाहेर काढलेल्या टोकावरचे इनॅमल ब्लेडने खरवडले की आतला लाल किंवा पांढरा रंग दिसतो. तेवढ्यावर पूर्ण विसंबू नका, कारण बाहेरचे टोक तांब्याचे जोडलेले असू शकते. शक्य असल्यास गुंडाळणी चालू असताना तिथे उभे राहा.

फिल्टर कपॅसिटरही इथे घेता येतील, पण तपासून. मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर बसवून वर नवे आवरण चढवलेला माल बाजारात फिरतो. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पूर्ण रिकामा करा, १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्टच्या बॅटरीने भरायला लागा आणि मीटरवर ७.६ व्होल्ट यायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहा. उत्तर १० सेकंदांच्या आसपास यायला हवे. ±२० टक्क्यांची सूट धरली तरी ८ सेकंदांच्या आत ७.६ गाठणारा नग परत करावा. घेताना ६३ व्होल्टचे घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्टचे रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर) सुमारे ३३ होतात, आणि रात्री लाइन २५० व्होल्टपर्यंत चढली व भार नसला तर तेच ३७-३८ पर्यंत जातात. ५० व्होल्टचा कपॅसिटर नागपूरच्या उन्हाळ्यात त्या मर्यादेजवळ वर्षानुवर्षे ठेवणे मला पटत नाही.

रेशीमबागकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. हीटसिंकबद्दल सविस्तर लिहितो, कारण तयार आराखड्यांतली हीटसिंक बहुधा २५ अंशांच्या खोलीसाठी काढलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या वर जातो.

±३३ व्होल्ट आणि ८ ओहम असताना एका आयसीत जास्तीत जास्त सुमारे २८ वॅट उष्णता होते. आतल्या सिलिकॉनची मर्यादा १५० अंश आहे. आयसीचे आवरण आणि मायका (आयसी व हीटसिंक यांच्यातला वीज न वाहू देणारा पातळ पापुद्रा) मिळून प्रत्येक वॅटमागे दीड अंश जातात असे धरले, तर २५ अंशांच्या खोलीत हीटसिंकसाठी प्रतिवॅट जवळजवळ ३ अंश उरतात. ४५ अंशांत २.२ च उरतात. हा आकडा जितका लहान, तितकी हीटसिंक मोठी लागते. दोन्ही आयसी एकाच हीटसिंकवर बसवणार असाल, तर हा आकडा निम्मा, म्हणजे १.१ होतो. हीसुद्धा अगदी काठावरची मर्यादा आहे, त्यामुळे याहून मोठीच हीटसिंक घ्या, तिचे पंख उभे ठेवा आणि ती कॅबिनेटच्या बाहेर बसवा. पत्रा आणि कॅबिनेटचे काम इतवारीतल्या लोहा ओळीत किंवा हिंगणा एमआयडीसीत करून घेता येईल.

याच पुरवठ्यावर ४ ओहमचे स्पीकर कधीही लावू नका. तेव्हा उष्णता ५५ वॅटवर जाते आणि वरच्या हिशेबात हीटसिंकच्या वाट्याला अर्धा अंशही उरत नाही. ४ ओहमसाठी १८-०-१८ चा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो.

एलएम३८८६टी या प्रकाराच्या पाठीचा धातू ऋण पुरवठ्याला जोडलेला असतो, टीएफ प्रकाराची पाठ प्लास्टिकने झाकलेली असते. टी घेतलीत तर मायका आणि स्क्रूभोवतीची प्लास्टिकची बुशी दोन्ही लावा आणि वीज देण्यापूर्वी आयसीची पाठ व हीटसिंक यांच्यात मीटरने सातत्य तपासा. मीटर वाजता कामा नये. भोक पाडल्यावर राहिलेली ॲल्युमिनियमची बारीक कड मायका फाडते, म्हणून ती कानसून घ्या.

अजनीकर

मनःपूर्वक आभार. आयसी मागवतो आणि ट्रान्सफॉर्मरसाठी या आठवड्यात जातो. पहिल्यांदा वीज देताना काय काळजी घ्यावी?

तांबडी तार

स्पीकर न जोडता, १०० वॅटचा पिवळा बल्ब मुख्य विजेच्या फेजमध्ये सिरीजला लावून सुरुवात करा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. प्रथम फक्त ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (रेक्टिफायर) आणि कपॅसिटर जोडा. कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब उजळेल आणि लगेच मंद होईल. तो तेजस्वीच राहिला तर बटण बंद करून शॉर्ट किंवा उलटा लावलेला कपॅसिटर शोधा. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे आले, की वीज बंद करून कपॅसिटर २ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा आणि मगच आयसीचा बोर्ड जोडा. आयसीची आठवी पिन रेझिस्टरमधून ऋण पुरवठ्याला जोडली आहे ना, हेही पाहून घ्या. त्या पिनमधून किमान अर्धा मिलिअँपिअर वाहिला नाही तर आयसी म्यूटमध्येच (आवाज बंद अवस्थेत) राहते आणि बोर्ड बिघडला असा समज होतो.

बोर्ड चालू झाल्यावर आउटपुट आणि ग्राउंड यांमधला डीसी मोजा. इनपुट ग्राउंडला शॉर्ट केलेले असताना तो एक अंकी किंवा दोन अंकी मिलिव्होल्टमध्ये असावा. १०० च्या वर गेला तर स्पीकर जोडू नका. कॅबिनेटला तीन पिनी वायरची अर्थिंगची तार पक्क्या स्क्रूने जोडा. हम (स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण) आला म्हणून अर्थिंग काढून टाकण्याची पद्धत जिवावर बेतू शकते. हमचे कारण बहुतेक वेळा ग्राउंडच्या तारांच्या मांडणीत असते: दोन फिल्टर कपॅसिटरमध्ये जो भरण्याचा प्रवाह धावतो, त्याच तुकड्यावर इनपुटचा ग्राउंड जोडू नका. तिथून थोडी तार पुढे आणून एक बिंदू करा आणि स्पीकरचे व दोन्ही बोर्डांचे ग्राउंड त्या बिंदूवर स्वतंत्र तारांनी आणा.