फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर बसवता येईल का?

प्रश्न (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

नमस्कार. आमचा चादरी आणि टॉवेलचा छोटा कारखाना असून व्यापाऱ्यांना पाठवायचे मालाचे फोटो मीच काढतो. ते नीट करण्याचे काम कधी घरी, कधी कारखान्याच्या कार्यालयात, तर कधी नवी पेठेतील मित्राच्या स्टुडिओत बसून करावे लागते. मात्र प्रत्येक संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी मला नाही. फोटोशॉप ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर बसवून तो कोणत्याही संगणकाला जोडून वापरता येईल का? एका संकेतस्थळावर 'पोर्टेबल फोटोशॉप' फुकट मिळते असे दिसले. माझे काम एवढेच, की मागची बाजू पांढरी करणे, घडीच्या सावल्या कमी करणे आणि डाळिंबी रंगाची चादर फोटोत गुलाबी दिसते तो रंग मूळ मालासारखा आणणे.

उत्तर १

ते फुकटचे 'पोर्टेबल फोटोशॉप' कृपया उतरवून घेऊ नका. अडोबी कंपनी अशी आवृत्ती काढतच नाही. जे मिळते ते परवाना तोडून तयार केलेले असते आणि त्यासोबत व्हायरस येण्याचा धोका मोठा असतो. आपला पेन ड्राइव्ह तीन ठिकाणी फिरणार आहे, म्हणजे कारखान्याच्या हिशेबाचा संगणक आणि मित्राच्या ग्राहकांचे लग्नाचे फोटो, दोन्ही त्या धोक्यात येतील.

अधिकृत फोटोशॉपही पेन ड्राइव्हवर बसवण्यासाठी केलेले नाही. बसवताना ते विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवते त्या नोंदवहीत) नोंदी करते, स्वतःच्या सेटिंग्ज वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि परवान्यासाठी खात्यात लॉगिन मागते, त्यामुळे ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला तरी ते तिथे चालत नाही.

आपल्या कामाला गिंप पुरेसे आहे. ते मोफत व मुक्त सॉफ्टवेअर असून पोर्टेबलॲप्स डॉट कॉमवर त्याची पोर्टेबल आवृत्ती मिळते. ती पेन ड्राइव्हवरील फोल्डरमध्ये उघडायची, की सेटिंग्जही त्याच फोल्डरमध्ये राहतात आणि ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. तरीही मित्राला विचारूनच वापरावे, कारण संगणक त्यांचा आहे.

रंगाबाबत सांगायचे तर चादरीशेजारी एक पांढरा कागद ठेवून फोटो काढावा आणि गिंपमधील 'लेव्हल्स' या खिडकीतील पांढऱ्या बिंदूच्या ड्रॉपरने त्या कागदावर क्लिक करावे. ट्यूबलाइटची झाक बरीचशी निघून जाते. कागद फोटोत अति उजेडाने पूर्ण पांढराफटक झालेला नसावा, नाहीतर ड्रॉपरला झाक ओळखता येत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त वेगाविषयी लिहितो. साध्या पेन ड्राइव्हवरून असे सॉफ्टवेअर सुरू व्हायला वेळ लागतो, कारण त्यात शेकडो लहान फाइली असतात आणि त्या एकेक करून वाचाव्या लागतात. यूएसबी ३ चा छोटा एसएसडी (पेन ड्राइव्हपेक्षा वेगवान ड्राइव्ह) घेणे शक्य असेल तर जरूर घ्यावा, आणि तो संगणकाच्या यूएसबी ३ पोर्टलाच लावावा. त्या पोर्टची आतली पट्टी बहुधा निळी असते. गिंपच्या प्राधान्यांमध्ये फोल्डरांच्या विभागात स्वॅप फोल्डर (काम चालू असताना गिंप तात्पुरता डेटा ठेवते ते) संगणकाच्या आतल्या डिस्कवर दिले, तर ड्राइव्हवर सतत लिहिले जात नाही.

ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालेल. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. काम संपल्यावर 'इजेक्ट' केल्याशिवाय ड्राइव्ह काढू नये, आणि मूळ फोटोंची एक प्रत घरच्या संगणकावर असलीच पाहिजे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मित्राने फोटोशॉपमध्ये केलेल्या जुन्या पीएसडी फाइली गिंपमध्ये उघडतील का?

उत्तर १

उघडतील आणि साधे थरही वेगवेगळे दिसतील, मात्र फोटोशॉपमधील ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या फोटोचा रंग-उजेड बदलणारे थर) आणि अक्षरांचे थर जसेच्या तसे येतीलच असे नाही. म्हणून मित्राकडून पीएसडीसोबत त्याच फोटोची टिफ किंवा पीएनजी प्रतही मागून घ्यावी. आपण स्वतः केलेले काम एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या फाइल प्रकारात, साठवावे, आणि व्यापाऱ्याला पाठवताना तेवढे जेपीजी काढावे.